जुन्या ट्रॅक्टरची ओढ: नवख्याने सुरुवात कशी करावी

ऊस हंगामात मोहोळहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढावर थांबला आणि पुन्हा निघाला, की चालकाचा हात कसा आहे हे पहिल्या दोन-तीन फुटांत कळते. कसलेला चालक आधी ट्रॉल्यांमधली ढील काढतो, ओझे अंगावर घेतो आणि मगच वेग वाढवतो. कच्चा चालक क्लच सोडून देतो आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. जुन्या ट्रॅक्टरच्या ओढ-स्पर्धेत याच दोन-तीन फुटांचा खेळ असतो. सोलापूर जिल्ह्यातील ज्या तरुणांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील ट्रॅक्टर गोठ्यामागे उभा आहे, त्यांना हा छंद कमी खर्चात कसा सुरू करता येईल, हे येथे सांगतो.

हा खेळ मूळचा अमेरिकेतील. घोड्यांच्या जोड्यांनी ओझे ओढण्याच्या पैजा तेथील शेतकरी लावत असत. ट्रॅक्टर आल्यावर त्याच पैजा त्याच्यावर लागू लागल्या. इंजिनावर चालणाऱ्या वाहनांच्या पहिल्या ज्ञात स्पर्धा म्हणून 1929 मध्ये मिसुरी आणि ओहायो या राज्यांत झालेल्या स्पर्धांची नोंद सापडते, आणि नियम एकसारखे असावेत म्हणून 1969 मध्ये तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे अनेक इंजिने जोडलेले राक्षसी ट्रॅक्टर आले, पण त्यांच्याशी आपला संबंध नाही. ‘अँटिक’ वर्गात साधारणपणे 1950 च्या दशकापर्यंतचे ट्रॅक्टर घेतात, नेमके वर्ष प्रत्येक क्लब आपापले ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी या वर्गाला वेगाची मर्यादा घातलेली असते. त्यामुळे तेथे घाईचा उपयोग होत नाही.

ओढायच्या गाडीला ‘स्लेड’ म्हणतात. आधुनिक स्लेडमध्ये वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. ट्रॅक्टर पुढे सरकतो तशी स्लेडच्या चाकांवरून फिरणारी साखळी ती पेटी पुढे ओढत आणते, सारे वजन पुढच्या सपाट तव्यावर येते आणि तवा मातीत दाबला जातो. म्हणजे जितके पुढे जाल तितके ओझे वाढत जाते. शेवटी ट्रॅक्टर थांबतो आणि तेथपर्यंतचे अंतर मोजले जाते. 300 फूट, म्हणजे सुमारे 91 मीटर पार केले तर ती ‘पूर्ण ओढ’. याहून जुन्या पद्धतीत लाकडी स्लेडवर वाटेत ठरावीक अंतरावर एकेक माणूस चढत असे. आपल्याकडे पेरणीनंतर रानात फिरवायच्या फळीवर वजनासाठी माणूस उभा राहतो, तीच ही युक्ती. फळी ज्याने मारली आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ट्रॅक्टर निवडताना

अमेरिकेचे वर्ष आपल्याला लागू करण्यात अर्थ नाही, कारण भारतात ट्रॅक्टर बनायला लागले तेच 1960 च्या सुमारास. फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर त्या सुमारास बाहेर पडला. महिंद्राने 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी करून बी-275 आणला. एचएमटीने 1971 मध्ये पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या तंत्रावर 25 हॉर्सपॉवरचा 2511 काढायला सुरुवात केली. स्वराज 1974 मध्ये आला. मॅसी फर्ग्युसन 1035, एस्कॉर्ट्स, फोर्ड ही नावेही आपल्या भागात घरोघरी माहीत आहेत. मित्रमंडळींत स्पर्धा घ्यायची असेल तर 1985 पूर्वीचा कोणताही ट्रॅक्टर चालेल, असा साधा नियम करावा, असे माझे मत आहे.

नवख्याने सर्वांत ताकदवान ट्रॅक्टर शोधत फिरू नये. ज्याचे सुटे भाग सोलापुरात किंवा बार्शी-पंढरपुरात सहज मिळतात आणि ज्याचे काम गावातल्या मिस्त्रीला येते, तो घ्यावा. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. तो ट्रॅक्टर मजबूत आहे आणि मला स्वतःला आवडतोही, पण घेण्यापूर्वी पार्टच्या दुकानात दोन-चार भागांची चौकशी करून यावे.

पाहायला जाताना सकाळी लवकर जावे आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगावे, कारण मालकाने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे दुखणे कळत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहावी; ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे आणि हेड किंवा ब्लॉकचा खर्च समोर उभा आहे. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून पाहावे, म्हणजे किंगपिन, म्हणजे पुढचे चाक जिच्यावर वळते ती खीळ, किती झिजली आहे ते समजते. दुसऱ्या गिअरमध्ये ओझ्यावर चालवताना गिअर निसटत असेल तर त्या ट्रॅक्टरचा विचार सोडावा, कारण ओढीच्या ऐन ताणात गिअर निसटला तर साखळीला बसणारा धक्का धोक्याचा असतो.

कागदपत्रांकडे मात्र आपले लोक फार दुर्लक्ष करतात. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35 आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30 एकाच वेळी हातात घ्यावेत, नाहीतर मूळ मालक वारला की वारसांच्या मागे आरटीओच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नोंदणीची 15 वर्षांची मुदत संपलेली असेल, तर नूतनीकरण झाल्याशिवाय तो रस्त्यावर आणू नये.

ताकद इंजिनाची कमी, पकडीची जास्त

छंद सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात डिझेल पंपाचे सील तोडायला निघतो. मीही निघालो होतो. आमच्या जुन्या मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला आणि म्हणाले, “मालक, चाक जाग्यावर फिरतंय, तिथं आणखी डिझेल घालून काय करणार?” त्या एका प्रश्नात या खेळाचे निम्मे शास्त्र आहे.

हिशेब करून पाहा. ओढ किलोमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला 270 ने भागले, की लागणारी हॉर्सपॉवर मिळते. साखळीवर 1,000 किलोचा ताण घेऊन ताशी 5 किलोमीटरने चालायला साडेअठरा हॉर्सपॉवर पुरते. मधल्या गळतीसाठी काही सोडले तरी 25 ते 35 हॉर्सपॉवरच्या जुन्या ट्रॅक्टरकडे हलक्या गिअरमध्ये एवढी ताकद असतेच. तो थांबतो तो चाके घसरतात म्हणून किंवा तोंड उचलते म्हणून. पंपाचा स्क्रू फिरवून काळा धूर तेवढा वाढतो. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि त्या उष्णतेत जुने पिस्टन जाम होतात.

म्हणून पहिला खर्च वजनकाट्यावर करावा. रस्त्याकडेच्या खासगी काट्यावर गर्दी नसलेल्या वेळी जाऊन तीन वजने घ्यावीत: पूर्ण ट्रॅक्टरचे, फक्त पुढची चाके काट्यावर असतानाचे आणि फक्त मागची चाके काट्यावर असतानाचे, प्रत्येक वेळी चालक आसनावर बसलेला असावा. माझ्या 35 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची पावती अजून टूलबॉक्समध्ये आहे: एकूण 1,820, पुढे 640, मागे 1,180. काट्यावरचा मुलगा तिसऱ्या वेळी वैतागून म्हणाला होता, “अण्णा, माल कुठंय?” माल नव्हताच, पण त्या दिवसापासून माझा ट्रॅक्टर मला आकड्यांत कळायला लागला.

आता ते आकडे वापरू. साखळी जमिनीपासून 45 सेंटीमीटर उंचीवर जोडली आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 190 सेंटीमीटर आहे असे धरा. 1,000 किलोची ओढ पडली, की 1,000 गुणिले 45 भागिले 190, म्हणजे सुमारे 237 किलो वजन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जाते. मागच्या चाकांना पकड मिळते ती यामुळेच. पुढे मात्र 640 पैकी 403 किलोच उरतात. हीच साखळी 70 सेंटीमीटरवर जोडली तर पुढून 368 किलो जातात आणि 272 उरतात. हा झाला शांतपणे ओढतानाचा हिशेब; क्लच सोडून धक्का दिला तर क्षणभर ताण कितीतरी वाढतो आणि हे उरलेले वजन शून्यावर यायला वेळ लागत नाही.

म्हणून साखळी फक्त ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे एक्सलच्या खाली असलेल्या ओढदांड्यालाच, जोडावी. टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी, हायड्रॉलिकच्या हातांना किंवा एक्सलला कधीही नाही. परदेशी अँटिक वर्गांत ड्रॉबारची उंची बहुधा 20 इंचांपर्यंतच चालते आणि हुकाची जागा मागच्या एक्सलच्या मध्यापासून किमान 18 इंच मागे लागते. यामागे कारण आहे. ड्रॉबार एक्सलच्या खाली आणि मागे असल्यामुळे तोंड उचलले की हुकाची जागा आपोआप खाली जाते, ओढीचा तरफ-परिणाम कमी होतो आणि ट्रॅक्टर स्वतःला सावरतो. टॉप लिंकला साखळी लावली तर ही सवलत राहत नाही आणि ट्रॅक्टर मागे पलटी होतो. पूर्ण पलटी व्हायला सुमारे दीड सेकंद लागतो आणि सावरण्याची संधी त्याच्या निम्म्यातच निघून जाते, एवढ्या वेळात माणसाचा पाय क्लचवर पोहोचत नाही.

पुढे वजन वाढवायचे असेल तर बंपरवर, शक्य तितके पुढे, लोखंडी वजने पक्क्या बोल्टने बसवावीत. पुढच्या एक्सलपासून जितके लांब, तितके कमी वजन पुरते. मागच्या टायरांत पाणी भरण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि शेतात ती चांगलीच आहे, मात्र भरलेले पाणी जागचे हलवता येत नाही, आणि ओढीत तर वजन पुढे-मागे करून समतोल शोधायचा असतो. सुटी वजने घ्यावीत, पण दोरीने बांधलेली सिमेंटची पोती किंवा दगड ट्रॅक्टरवर ठेवू नयेत; सुटले की ते चाकाखाली किंवा चालकाच्या पाठीत येतात.

टायरांबाबत थोडक्यात: दात चांगले असावेत, दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत, आणि हवा दोन्हींत सारखी असावी. रस्त्यावर चालवायला भरलेली हवा ओढीसाठी जास्त होते. 12 पीएसआयच्या आसपास आणून पाहावे. त्याहून फार खाली गेले तर रिम टायरमध्ये फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

सुरक्षेची जोडणी

मागे पलटी होऊ नये म्हणून ट्रॅक्टरच्या मागे दोन आधारदांडे बसवतात, त्यांना परदेशात ‘व्हीली बार’ म्हणतात. चॅनल आणि जाड पाइप वापरून चांगला वेल्डर ते करून देतो, पण परीक्षा एकच घ्यावी: त्या दांड्यांखाली जॅक लावून ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलावा. दांडे वाकले, बोल्ट सरकला किंवा वेल्ड चिरला, तर ते दांडे दिखाव्याचे आहेत.

दुसरी गोष्ट इंजिन बंद करण्याची. जुन्या डिझेल ट्रॅक्टरला चावीने इंजिन बंद होत नाही, डिझेल तोडणारा स्टॉपचा खटका ओढावा लागतो. हा खटका अडकत असेल तर केबल बदलूनच पुढे जावे. त्या खटक्याला एक दोरी बांधून तिचे दुसरे टोक ओझ्याला अडकवले, तर साखळी तुटून ट्रॅक्टर सुटताच दोरी ताणली जाऊन इंजिन आपोआप बंद होते. दोरीला थोडी ढील ठेवावी आणि ती चाकात जाणार नाही अशी वरून आणावी.

साखळी ओझ्याच्या मानाने जाड व शिक्क्याची घ्यावी आणि जोडणीला पिन पक्की बसणारे डी-शॅकल, म्हणजे डी आकाराचे लोखंडी कडे, वापरावे. टोचनसाठी आपण सर्रास वापरतो ती नायलॉनची दोरी येथे अजिबात नको. ती ताणली जाते, ताकद साठवते आणि तुटली की चाबकासारखी परत येते. साखळीच्या मध्यावर ओले गोणपाट टाकून ठेवावे, म्हणजे तुटली तरी फार उडत नाही. पीटीओच्या, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर टोपी असावी, आणि गमछा, उपरणे, सैल बाह्या घरीच राहू द्याव्यात.

जागा, परवानगी आणि माती

सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेत वाहनांची शर्यत वा वेगाची चाचणी घ्यायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार राज्य शासनाची लेखी संमती लागते. त्यामुळे सराव स्वतःच्या शेतात करावा, आणि लोक जमणार असतील तर पोलीस ठाणे व ग्रामपंचायत यांना आधी लेखी कळवून परवानगीची पोच घ्यावी. वाहन विम्यातून आयोजित शर्यती आणि चाचण्या सहसा वगळलेल्या असतात; ही ओढ वेगाची नाही हा युक्तिवाद विमा कंपनी ऐकेल, या भरवशावर राहू नये.

आपल्याकडची काळी माती या खेळात मोठी लहरी आहे. पावसानंतर ती टायरच्या दातांत भरते आणि चाक गुळगुळीत होते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वर धूळ सुटते. पेरणीला जसा वाफसा पाहतो तसाच येथेही पाहावा: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. रब्बीची ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये रान मोकळे असते आणि ऊनही सोसवते. मी आता मुरमाची पट्टी वापरतो, कारण ती रोज सारखी वागते. साधारण 60 मीटर लांब, 8 मीटर रुंद पट्टी सपाट करून आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडावे आणि सकाळी रोलर फिरवावा. पुढे थांबण्यासाठी किमान 30 मीटर मोकळी जागा ठेवावी आणि त्या दिशेला विहीर, बांध किंवा रस्ता नसावा. बघे दोन्ही बाजूंना दोरीच्या पलीकडे 15 ते 20 मीटरवर उभे राहावेत. साखळीच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही नसावे.

वजन सरकणारा स्लेड सुरुवातीला बनवू नये. दोन जाड चॅनल घसरपट्ट्यांसारखे खाली आणि वर पत्रा, पुढे मजबूत हूक, एवढी सपाट गाडी पुरे. तिच्यावर 50 किलोची पोती रचावीत आणि पक्की आवळावीत. माणसे चढवण्याची जुनी पद्धत ऐकायला गमतीची असली तरी चालत्या ओझ्यावर कोणाला चढवू नये. त्याऐवजी अंतर ठरवून घ्यावे, म्हणजे 30 मीटर, आणि प्रत्येक फेरीला दोन-दोन पोती वाढवत जावे. ज्याचा ट्रॅक्टर अडेल तो बाहेर. ट्रॅक्टरांचे गट मात्र हॉर्सपॉवरवरून पाडू नयेत; काट्याच्या पावतीवर 1,500 ते 1,800 किलो आणि 1,800 ते 2,100 किलो अशी वाटणी करावी.

पहिली ओढ

दहा पोत्यांनी, म्हणजे 500 किलोने सुरुवात करावी. ट्रॅक्टर सरळ रेषेत उभा करून कमी गिअरमधला दुसरा टाकावा आणि ओढ संपेपर्यंत गिअर बदलू नये. ब्रेकची दोन्ही पेडले जोडणारी पट्टी पहिल्या काही दिवसांत जोडलेलीच असू द्यावी. पुढची चाके हलकी झाल्यावर एकेका ब्रेकने दिशा सांभाळणे हे पुढचे काम आहे.

इंजिन हळू चालू ठेवून क्लच इतकाच सोडावा की ट्रॅक्टर बोटभर सरकेल. मागे कड्यांची खडखड ऐकू येते. ती थांबली की साखळी ताठ झाली. येथे क्षणभर थांबून बाजूच्या माणसाचा हिरवा झेंडा पाहावा, मग क्लच एकसारखा पूर्ण सोडावा, पाय पेडलवरून काढून खाली ठेवावा आणि त्यानंतरच हाताने रेस वाढवत न्यावी. अर्ध्या क्लचवर रेस वाढवत राहिले तर प्लेट एका दिवसात जळते, आणि धक्क्याने सोडले तर काय होते ते मी स्वतः पाहिले आहे: माढा तालुक्यात नातेवाइकांच्या रानात, पहिल्याच दिवशी, घाईघाईने पाय सुटला आणि पुढची चाके वीतभर वर गेली. ट्रॅक्टर खाली आला तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मिस्त्री ओरडत होते, “आधी बंद करा, मग उतरा!” त्या दिवशी व्हीली बार नव्हते, नंतर ते आधी झाले, ओढ नंतर.

ओढ चालू असताना नजर पुढच्या चाकांवर आणि लाल झेंड्यावर ठेवावी. पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली असतील तर वजनाची मांडणी बरोबर आहे. ती सहज वर येत असतील तर पुढे वजन वाढवावे, आणि ती जड राहून मागची चाके घसरत असतील तर थोडे वजन मागे न्यावे. मागची चाके जाग्यावर फिरायला लागली की रेस लगेच कमी करून क्लच दाबावा. चाक खड्डा पाडत राहिले की ट्रॅक्टर पुढे तर जात नाहीच, शिवाय अचानक पकड मिळाली तर सारा धक्का गिअरबॉक्सवर आणि साखळीवर येतो. लाल झेंडा दिसताच थांबायचे, मग आणखी दोन मीटर जमणार असे कितीही वाटो.

थांबल्यावर ट्रॅक्टर किंचित मागे घेऊन साखळी सैल करावी, इंजिन बंद करावे आणि मगच पिन काढायला माणसाने आत यावे. दिवस संपल्यावर चाकांचे नट, ड्रॉबारची पिन आणि व्हीली बारचे बोल्ट पान्ह्याने तपासावेत, साखळीची प्रत्येक कडी हातातून फिरवून लांबट झालेली किंवा चिरलेली कडी दिसली तर ती साखळी बाजूला काढावी. वहीत तारीख, मातीची ओल, टायरची हवा, पुढची-मागची वजने, पोती आणि अंतर अशी एक ओळ लिहावी. पाच-सहा दिवसांच्या ओळी झाल्या, की पुढच्या खेपेला कोणते वजन कुठे हलवायचे ते वहीतच सापडते.